संगीतसंचासाठी घराचे वायरिंग नव्याने करताना : स्वतंत्र सर्किट, अर्थिंग आणि गुणगुण

मंद्रसप्तक :

घराचे नूतनीकरण सुरू आहे आणि दिवाणखान्याच्या भिंती सध्या खणलेल्या अवस्थेत आहेत. पुन्हा गिलावा होण्याआधी संगीतसंचासाठीचे विजेचे वायरिंग नव्याने करून घ्यावे, असा माझा विचार आहे. दर चॅनेलला ८ ओहमवर १०० वॉट देणारा एबी वर्गाचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर, स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेला सबवूफर, रेकॉर्ड प्लेअर व त्याचा फोनो प्रीॲम्प (रेकॉर्डचा क्षीण सिग्नल वाढवणारे उपकरण), इंटरनेटवरून संगीत वाजवणारा स्ट्रीमर आणि टीव्ही अशी उपकरणे आहेत. वितरणपेटीपासून ही भिंत वायरच्या मार्गाने सुमारे २० मीटरवर आहे. तिथल्या सॉकेटना येणारी तांब्याची वायर १.५ चौरस मिलिमीटरची असून त्याच सर्किटवर दिवे, पंखा आणि शेजारच्या खोलीतील दोन सॉकेटही आहेत. पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा आहे.

तक्रारी तीन आहेत. रेकॉर्ड ऐकताना दोन गाण्यांमधल्या शांततेत मंद गुणगुण ऐकू येते. फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू किंवा बंद होताना स्पीकरमधून ‘टक्’ असा आवाज येतो. आणि घरात कोणी केस वाळवण्याचे यंत्र कमी वेगावर लावले की स्पीकरमधून नव्हे, तर ॲम्प्लिफायरच्या पेटीतूनच भुणभुण सुरू होते.

वायर ४ चौरस मिलिमीटरची घ्यावी की ६ ची, संचासाठी वेगळे अर्थिंग करावे का, आणि पॉवर कंडिशनर (विजेतला विद्युत कचरा गाळणारे उपकरण) किंवा भारी पॉवर कॉर्ड यांवर खर्च करावा का, याबाबत जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती. भिंत एकदा बुजली की पुन्हा उघडणे होणार नाही, म्हणून आत्ताच विचारत आहे.

प्रत्यावर्ती :

मंद्रसप्तक, आपण गिलाव्याआधी विचारलेत हे फार चांगले केलेत. आधी वायरच्या जाडीचा हिशोब मांडतो, कारण या विषयात जाडीबद्दलच सर्वाधिक बोलले जाते.

तांब्याच्या १.५ चौरस मिलिमीटर वायरचा रोध किलोमीटरला १२.१ ओहम असतो, २.५ चा ७.४१, ४ चा ४.६१ आणि ६ चा ३.०८. आपले अंतर २० मीटरचे असले तरी प्रवाह फेजमधून जातो आणि न्यूट्रलमधून परततो, म्हणून हिशोब ४० मीटरचा करायचा. त्यानुसार सध्याच्या वायरीचा एकूण रोध ०.४८ ओहम येतो, २.५ ची वायर घातल्यास ०.३०, ४ ची घातल्यास ०.१८ आणि ६ ची घातल्यास ०.१२. संचाने ५ अँपिअर प्रवाह ओढला, तर या चार वायरींवर अनुक्रमे सुमारे २.४, १.५, ०.९ आणि ०.६ व्होल्ट पडतील. म्हणजे सर्वांत बारीक वायरीवरही घट जेमतेम १ टक्का आहे, आणि ४ वरून ६ वर गेल्याने हाती लागतात ते ०.३ व्होल्ट. पुरवठ्याचे व्होल्टेज दिवसभरात याच्या कितीतरी पट वरखाली होत असते. (जिथे पुरवठा १२० व्होल्टचा आहे, तिथल्या वाचकांनी हे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. तेवढ्याच शक्तीसाठी तिथे प्रवाह जवळपास दुप्पट लागतो आणि टक्केवारीतली घट जवळपास चौपट होते, त्यामुळे तिथे जाड वायरीचे म्हणणे अधिक सबळ आहे.)

मग नवीन वायर घालायचीच कशाला? माझ्या मते तिचे खरे कारण जाडी नसून स्वातंत्र्य आहे. आज आपल्या संचाच्या वायरीवर शेजारच्या खोलीतही सॉकेट आहेत. तिथे कोणी १५०० वॉटची इस्त्री लावली की साडेसहा अँपिअर प्रवाह त्याच वायरीतून जातो, आणि इस्त्रीचा थर्मोस्टॅट जितक्या वेळा चालू-बंद होईल तितक्या वेळा ॲम्प्लिफायरपाशी ३ व्होल्टचा झटका बसतो. वितरणपेटीपासून थेट निघालेले, वाटेत कुठेही फाटा किंवा जोड नसलेले स्वतंत्र सर्किट दिले, की हा प्रकार जवळजवळ संपतो. मग उरतो तो फक्त पेटीच्या अलीकडच्या, सर्व घरासाठी सामाईक असलेल्या वायरीचा परिणाम. म्हणून माझी शिफारस ४ चौरस मिलिमीटरच्या एका स्वतंत्र सर्किटची आहे. २.५ नेही काम उत्तम भागते, पण भिंत उघडी असताना मजुरी तीच पडते, म्हणून ४. सहाची वायर साध्या सॉकेटच्या टर्मिनलमध्ये नीट बसत नाही आणि कोंबून बसवलेली जाड वायर ही बारीक वायरीपेक्षा वाईट असते.

या सर्किटला १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच) द्यावा आणि तो सी प्रकारचा असावा. बी प्रकारचा एमसीबी आपल्या क्षमतेच्या ३ ते ५ पट प्रवाहाला तत्क्षणी पडतो, सी प्रकारचा ५ ते १० पटीला. मोठा टोरॉइडल, म्हणजे कड्याच्या आकाराच्या गाभ्याचा, ट्रान्सफॉर्मर चालू करताना पहिल्या काही आवर्तनांत बराच प्रवाह ओढतो आणि बी प्रकार तेवढ्यावर विनाकारण पडू शकतो. मात्र एमसीबी पडतो म्हणून जुन्या बारीक वायरीवर मोठ्या क्षमतेचा एमसीबी बसवणे हा आगीला दिलेला परवाना आहे. एमसीबी उपकरणाचे नव्हे, वायरीचे रक्षण करतो.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो, ती जोडांविषयी. २० मीटरवर नेलेल्या ४ च्या उत्तम तांब्याच्या वायरीचा जाण्यायेण्याचा रोध ०.१८ ओहम येतो, आणि एखादा सैल स्क्रू एकटाच ०.१ ओहमची भर घालू शकतो. त्या स्क्रूमधून १० अँपिअर प्रवाह गेला, तर एवढ्याशा जागेत १० वॉट उष्णता निर्माण होते, सॉकेट पिवळे पडते आणि जोड आणखी सैल होतो. बहुतारी वायरीच्या टोकाला फेरूल (धातूची छोटी नळी) दाबून बसवूनच ती स्क्रूखाली घ्यावी. काही जण टोकाला कथील लावतात. ते करू नये, कारण कथिलाचा डाख दाबाखाली हळूहळू पसरतो आणि आज घट्ट केलेला स्क्रू काही महिन्यांनी सैल झालेला आढळतो.

ध्वनिवेध :

प्रत्यावर्ती यांनी वायरीची बाजू मांडली आहे, मी ॲम्प्लिफायरच्या बाजूने थोडे लिहितो.

ॲम्प्लिफायर वीज सरळ, अखंड ओढत नाही. ट्रान्सफॉर्मरनंतर प्रत्यावर्ती वीज एकदिश करणारा रेक्टिफायर आणि ती साठवणारे मोठे कपॅसिटर असतात, आणि व्होल्टेजची लाट माथ्याजवळ पोचते तेवढ्या थोड्या वेळातच ते कपॅसिटर भरून घेतले जातात. १० मिलिसेकंदांच्या अर्ध्या आवर्तनातले काही मिलिसेकंदच प्रवाह वाहतो आणि म्हणून त्याचा माथा सरासरीच्या तिप्पट-चौपट असतो. वायरीचा रोध नेमका या माथ्यावर जाणवतो. पण तोही हिशोब घाबरण्यासारखा नाही. माथ्याचा प्रवाह ८ अँपिअर धरला, तर १.५ च्या वायरीवर सुमारे ३.९ व्होल्ट पडतात आणि ४ च्या वायरीवर १.५. लाटेचा माथा ३२५ व्होल्टचा आहे, तेव्हा हा फरक पाऊण टक्क्याच्या आसपास येतो. ॲम्प्लिफायरच्या कमाल पातळीत तो डेसिबलच्या दहाव्या भागाहूनही कमी भरतो, आणि तोही आपण आवाज अगदी शेवटापर्यंत वाढवला तरच. संगीतात सरासरी शक्ती कमाल शक्तीच्या फार खाली असते. म्हणून ‘जाड वायरीने बास खुलतो’ हे विधान, निदान २३० व्होल्टच्या आणि मुळात धडधाकट असलेल्या वायरिंगबाबत, मला पटत नाही.

आता आपल्या तक्रारींकडे येतो. या तिन्हींचे मूळ एक नाही, आणि ते वेगवेगळे ओळखले नाही तर भिंतीत कितीही तांबे घातले तरी गुणगुण जिथल्या तिथे राहील.

पेटीतून येणारी भुणभुण यांत्रिक आहे. केस वाळवण्याच्या कित्येक यंत्रांत कमी वेगासाठी एक डायोड घालून अर्धी लाट कापलेली असते. त्यामुळे पुरवठ्यात किंचित एकदिश व्होल्टेज मिसळते. टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात हवेची फट नसल्याने एवढ्याशा एकदिश व्होल्टेजनेही तो एका बाजूला संपृक्त होऊ लागतो आणि भुणभुणतो. स्वतंत्र सर्किटने हे कमी होईल, कारण यंत्राचा प्रवाह यापुढे आपल्या वायरीतून जाणार नाही. शिल्लक राहिलेच तर त्यासाठी डीसी ब्लॉकर नावाचे उपकरण तयार मिळते.

फ्रीजच्या ‘टक्’चा उगम कॉम्प्रेसरच्या संपर्कांवर उडणाऱ्या ठिणगीत आहे. ती वायरीतूनही येते आणि हवेतूनही, आणि हवेतून आलेली सिग्नलच्या वायरी पकडतात. यावरचा उपाय ठिणगीपाशीच, म्हणजे तंत्रज्ञाकडून संपर्कांवर रोधक-कपॅसिटरची जोडी बसवून घेण्यात आहे.

गुणगुणीसाठी मात्र भिंतीला हात लावण्याआधी एक साधी तपासणी करावी. ॲम्प्लिफायर बंद करून त्याच्या मागच्या सिग्नलच्या सर्व वायरी काढाव्यात, मग तो चालू करून आवाजाचे बटण नेहमीच्या जागी ठेवावे व ऐकावे. शांतता असेल तर ॲम्प्लिफायर निर्दोष आहे. मग पुन्हा बंद करून एकेक उपकरण जोडत जावे, आणि कोणत्या वायरीनंतर आवाज येऊ लागतो ते टिपून ठेवावे. टीव्हीची पाळी आली की त्याच्या मागची केबलची किंवा अँटेनाची कोॲक्स वायरही एकदा काढून पाहावी. तपासणीसाठी कोणत्याही प्लगची अर्थिंगची पिन काढू नये, क्षणभरही नाही.

मंद्रसप्तक :

आपण सांगितलेल्या क्रमाने तपासणी केली. सर्व वायरी काढल्यावर स्पीकरला कान लावूनही जवळजवळ काहीच ऐकू आले नाही. फक्त फोनो प्रीॲम्प जोडल्यावर अगदी मऊ, खालच्या सुरातली गुणगुण आली, आणि प्रीॲम्प हातात धरून ॲम्प्लिफायरपासून दूर नेला तशी ती कमी होत गेली. प्रीॲम्प जागेवरच ठेवून नुसता फिरवला तरीही तिच्यात फरक पडत होता. सबवूफर जोडल्याने काही वाढ झाली नाही, पण टीव्ही जोडताच अधिक कर्कश, धारदार भुणभुण सुरू झाली आणि टीव्हीमागची केबलची वायर काढताच ती पूर्ण थांबली.

सबवूफरचा प्लग समोरच्या भिंतीवर, दुसऱ्या सर्किटवर आहे, हेही नोंदवतो.

ध्वनिवेध :

उत्तम नोंदी आहेत, यावरून निदान जवळपास निश्चित होते.

पहिली गुणगुण चुंबकीय आहे. ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरचे ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र फोनो प्रीॲम्पमध्ये शिरते आहे. अंतराने आणि दिशेने फरक पडणे ही त्याची खूण आहे. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा (रेकॉर्डवर फिरणारी सुई धरणाऱ्या भागाचा) सिग्नल सुमारे ५ मिलिव्होल्टचा, मूव्हिंग कॉइलचा त्याच्या दहाव्या भागाच्या आसपास. शिवाय १९५४ पासून रूढ असलेल्या, रेकॉर्डसाठीच्या प्रमाणित आरआयएए वक्राप्रमाणे फोनो प्रीॲम्प ५० हर्ट्झचा सूर १००० हर्ट्झच्या तुलनेत सुमारे १७ डेसिबलने, म्हणजे सातपट वाढवतो. त्यामुळे जे क्षेत्र स्ट्रीमरला जाणवतही नाही, ते इथे स्पष्ट ऐकू येते. प्रीॲम्प वेगळ्या फळीवर, शक्य तेवढा दूर ठेवावा. भिंतीतल्या वायरिंगचा या गुणगुणीशी संबंध नाही, आणि याच एका कारणासाठी वायरिंग बदलले असते तर निराशा झाली असती.

दुसरी भुणभुण ग्राउंड लूपची आहे. केबलच्या कोॲक्सचे बाह्य कवच इमारतीत दुसरीकडे कुठेतरी जमिनीला जोडलेले आहे आणि ॲम्प्लिफायरची पेटी आपल्या वितरणपेटीतून जमिनीला जोडलेली आहे. या दोन जमिनींत थोडा व्होल्टेजचा फरक असतोच. सिग्नलच्या वायरीने त्या जोडल्या गेल्या, की फरकामुळे तिच्या कवचातून प्रवाह वाहू लागतो, आणि साध्या आरसीए वायरीत कवच हाच सिग्नलचा परतीचा मार्ग असल्याने तो प्रवाह थेट संगीतात मिसळतो. कोॲक्स घरात शिरते तिथेच तिचे कवच घराच्या मुख्य अर्थिंगला जोडून घ्यावे आणि टीव्हीपाशी कोॲक्ससाठीचा आयसोलेटर लावावा. टीव्हीचा आवाज ॲम्प्लिफायरकडे ऑप्टिकल वायरीने नेता आला तर तेवढा दुवा कायमचा तुटतो, कारण प्रकाशतंतूत विद्युतवाहकच नसतो.

कवच जोडण्यातल्या याच ढिलाईवर ध्वनितंत्रज्ञ नील मन्सी यांनी १९९५ मध्ये बोट ठेवले होते. वायरीचे कवच उपकरणाच्या धातूच्या पेटीला थेट न जोडता आतल्या सर्किटच्या शून्य बिंदूला जोडले, तर कवचातला सगळा कचरा सर्किटमध्ये शिरतो, हे त्यांनी दाखवून दिले. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने २००५ मध्ये याच विषयावर एईएस४८ हे मानक काढले. सांगण्याचा हेतू हा की गुणगुणीचे कारण पुष्कळदा उपकरणांच्या आपसातल्या जोडणीत असते आणि दोष मात्र विजेच्या वायरिंगवर जातो.

निषाद :

मी वरील प्रतिपादनाशी पूर्ण सहमत नाही. आमच्या घरी जुने वायरिंग काढून स्वतंत्र सर्किट घातल्यानंतर आवाजात झालेला फरक घरातल्या सर्वांना जाणवला, ज्यांना या छंदात रस नाही त्यांनाही. पूर्वी मोठ्या आवाजात ऑर्केस्ट्रा ऐकताना वाद्ये एकमेकांत मिसळून जात आणि संध्याकाळच्या वेळी संच दमल्यासारखा वाटे. ते पूर्णपणे गेले. जुनी वायर ॲल्युमिनियमची होती आणि वाटेत तीन-चार जंक्शन बॉक्स होते. आकडे काहीही सांगोत, ऐकलेले मी नाकारू शकत नाही.

प्रत्यावर्ती :

निषाद, आपले म्हणणे आकड्यांच्या विरुद्ध जात नाही, उलट आकडे आपल्याच बाजूने आहेत. ॲल्युमिनियमचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो, पण खरा दोष तो नव्हे. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर हवेत लगेच ऑक्साइडचा विद्युतरोधक थर बसतो, आणि स्क्रूच्या दाबाखाली हा मऊ धातू हळूहळू सरकून जोड सैल होतो. तीन-चार जंक्शन बॉक्स म्हणजे असे कित्येक जोड. संध्याकाळी घरातला एकूण भार वाढला, की त्या जोडांवर पडणारे व्होल्टेजही वाढत असणार. आपण वायरिंगबरोबर एक जुना बिघाड काढून टाकलात, आणि त्याचा परिणाम ऐकू येणे मला अगदी शक्य वाटते.

मंद्रसप्तक यांच्याकडे जाण्यायेण्याचा मार्ग तांब्याचा आहे. तिथे आधी मोजून पाहावे. संच मोठ्या आवाजात चालू असताना आणि बंद असताना सॉकेटवरील व्होल्टेजमध्ये वायरीच्या हिशोबापेक्षा बराच जास्त फरक पडत असेल, तर वाटेत कुठेतरी जोड खराब आहे. हे मोजमाप इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे.

ध्वनिवेध :

निषाद यांच्या मुद्द्याला एक पुरवणी. बदलाच्या आधी आणि नंतर यांत आठवडे गेलेले असतात आणि आवाजाची स्मृती तेवढी टिकत नाही. पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवून, कोणता पर्याय चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळू न देता तुलना केली, तरच बारीक फरकांवर विश्वास ठेवावा. पॉवर कॉर्डबाबत मी हीच कसोटी लावतो. आधीचे २० मीटर साध्या तांब्याचे असताना शेवटच्या दीड मीटरवर मोठी रक्कम घालण्याचे कारण मला सापडलेले नाही. पुरेशा जाडीची, प्लग घट्ट बसणारी प्रमाणित कॉर्ड असली की झाले.

तेच तांबे स्पीकरकडे वळवले तर त्याचा उपयोग सहज मोजता येतो. १० मीटर लांबीच्या १ चौरस मिलिमीटर स्पीकर वायरीचा जाण्यायेण्याचा रोध ०.३६ ओहमच्या पुढे जातो. एखाद्या स्पीकरचा इंपिडन्स (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण विरोध) एका कंप्रतेला ४ आणि दुसऱ्या कंप्रतेला २० ओहम असेल, तर एवढ्या रोधाने त्या दोन कंप्रतांच्या पातळीत सुमारे ०.६ डेसिबलचा फरक पडतो. वायर २.५ चौरस मिलिमीटरची केली की तो पाव डेसिबलवर येतो. भिंत उघडी आहेच, तर स्पीकरच्या वायरीसाठी जाड पाइप आत्ताच टाकून घ्यावा.

चंद्रकंस :

धागा वाचतो आहे, एक प्रश्न विचारतो. संगीतसंचासाठी अंगणात वेगळा अर्थ रॉड ठोकून तो फक्त संचाच्या सॉकेटला जोडावा, घराच्या अर्थिंगशी त्याचा संबंध ठेवू नये, म्हणजे इतर उपकरणांचा विद्युत कचरा संचात येत नाही, असे मला एका जाणत्या माणसाने सांगितले होते. मंद्रसप्तक यांनीही वेगळ्या अर्थिंगबद्दल विचारले होते, त्याचे उत्तर राहून गेले आहे.

प्रत्यावर्ती :

चंद्रकंस, ते उत्तर राहून जाऊन चालणार नाही. स्पष्ट सांगतो, घराच्या अर्थिंगपासून तोडलेला वेगळा रॉड जिवावर बेतू शकतो.

समजा ॲम्प्लिफायरच्या आत फेजची वायर निसटून धातूच्या पेटीला लागली. घराच्या अर्थिंगला व्यवस्थित जोडलेली संरक्षक वायर असेल, तर दोषाच्या प्रवाहाला परतीचा कमी रोधाचा मार्ग मिळतो, तो प्रवाह शेकडो अँपिअरपर्यंत जाऊ शकतो आणि एमसीबी तत्काळ पडतो. एकट्या रॉडचा जमिनीशी रोध मात्र सहज ३० ओहम असतो. २३० ला ३० ने भागले की साडेसात अँपिअर येतात. १६ अँपिअरचा एमसीबी त्यावर कधीच पडणार नाही, आणि ॲम्प्लिफायरची पेटी जवळजवळ पूर्ण व्होल्टेजवर तशीच उभी राहील. शेजारी टीव्ही घराच्या अर्थिंगवर असेल, तर एक हात ॲम्प्लिफायरवर आणि दुसरा टीव्हीवर ठेवणाऱ्याच्या छातीतून प्रवाह जाईल. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाहाची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असल्यास तो वाचवेल, पण संरक्षणाचा एक थर स्वतःहून काढून उरलेल्या एका थरावर भिस्त ठेवणे योग्य नाही. जवळपास वीज पडली तर दोन वेगळ्या रॉडांमधल्या जमिनीत हजारो व्होल्टचा फरक निर्माण होतो, आणि तो फरक नेमका आपल्या सिग्नलच्या वायरींमधून मिटवला जातो.

आवाजाच्या दृष्टीनेही त्यातून काही मिळत नाही. जमीन काही कचरा शोषून घेत नाही. प्रवाह नेहमी आपल्या उगमाकडे परततो. विमानातल्या ध्वनियंत्रणेला कोणताही रॉड नसतो, तरी ती शांत चालते, कारण तिथल्या सर्व उपकरणांचा संदर्भबिंदू एक असतो. आपल्यालाही तेच साधायचे आहे. संचातली सर्व उपकरणे, सबवूफरसह, एकाच सर्किटवर आणि एकाच जागी असलेल्या सॉकेटवर यावीत, आणि तिथून अर्थिंगची एक अखंड वायर वितरणपेटीतल्या मुख्य अर्थिंगच्या पट्टीपर्यंत जावी. मुख्य अर्थिंगच जुने किंवा कमकुवत असेल, तर जास्तीचा रॉड जरूर घालावा, पण तो मुख्य पट्टीला जोडूनच.

घरात तीन फेज येत असतील तर सगळा संच एकाच फेजवर ठेवावा. दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतात, आणि आपसात वायरींनी जोडलेली उपकरणे दोन फेजवर विभागण्याचे काहीच कारण नाही. तीन फेजच्या घरात मुख्य न्यूट्रलचा जोडही तपासून घ्यावा. तो तुटला तर कमी भाराच्या फेजवरचे व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढते, आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.

शांतस्वर :

भिंत उघडी आहे म्हणून वायरींच्या मार्गाबद्दल लिहितो, कारण हा भाग नंतर दुरुस्त करता येत नाही.

फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग या तिन्ही वायरी एकाच पाइपमधून शेजारी शेजारी न्याव्यात. जाणारा आणि येणारा प्रवाह लगत असला की त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना खोडून काढतात. दोन्हींत अंतर पडले की त्या अंतराएवढे वेटोळे तयार होते आणि ते आजूबाजूच्या सिग्नलच्या वायरींत गुणगुण भरते. जिन्यातल्या किंवा मोठ्या खोलीतल्या दोन ठिकाणांहून चालणाऱ्या दिव्यांचे वायरिंग यासाठी मुद्दाम पाहावे. वायर वाचवण्यासाठी फेज एका बाजूच्या पेटीतून आणि न्यूट्रल दुसऱ्या बाजूच्या पेटीतून घेतलेला कधी कधी आढळतो. तसे असेल तर दिवा लागताच सगळ्या खोलीभोवती एक मोठे वेटोळे चालू होते, आणि ‘दिवा लावला की गुणगुणते’ या तक्रारीचा उगम तिथे असतो. अशी जोडणी सुरक्षिततेच्या दृष्टीनेही चुकीची आहे, कारण एक सर्किट बंद केले तरी दुसऱ्याच्या न्यूट्रलमध्ये प्रवाह राहतो.

सिग्नलच्या आणि स्पीकरच्या वायरींसाठी वेगळा पाइप असावा. तो विजेच्या पाइपला समांतर जात असेल तर निदान ३० सेंटिमीटरचे अंतर ठेवावे, आणि ओलांडणे भाग असेल तिथे काटकोनात ओलांडावे. लांबच्या सबवूफरसाठी दोन्ही उपकरणांत सोय असल्यास बॅलन्स्ड वायर (जिच्यात सिग्नलचा परतीचा मार्ग कवचापासून वेगळा असतो) घ्यावी.

त्याच खोलीत दिव्यांचे डिमर असतील तर ते संचाच्या सर्किटवर नसावेत. ट्रायॅक या इलेक्ट्रॉनिक स्विचवर चालणारा डिमर प्रत्येक अर्ध्या आवर्तनात लाट मध्येच कापतो आणि त्या तीक्ष्ण कडेतून धारदार भुणभुण जन्मते. विजेच्या वायरीतून इंटरनेट नेणारे अडॅप्टरही संचाच्या आसपास टाळावेत. ते मेगाहर्ट्झमध्ये काम करतात आणि घरभरच्या वायरींचा अँटेना करतात. त्याऐवजी स्ट्रीमरसाठी इथरनेटची वायर याच वेळी सिग्नलच्या पाइपमध्ये घालून ठेवावी.

मंद्रसप्तक :

सर्वांचे मनापासून आभार. चर्चेनंतर असे ठरवले आहे. वितरणपेटीपासून अखंड ४ चौरस मिलिमीटरच्या तीन वायरींचे एक स्वतंत्र सर्किट आणि त्यावर संचामागे एकाच पट्टीत सहा सॉकेट. सबवूफरची सिग्नल वायर तर लांबून न्यावी लागणारच आहे, म्हणून त्याच्या जागेपर्यंत याच सर्किटची शाखा याच पट्टीतून नेणार आहे. स्पीकर आणि सिग्नलसाठी समोरच्या भिंतीतून वेगळे पाइप. केबलच्या कोॲक्सचे कवच प्रवेशाच्या जागी मुख्य अर्थिंगला जोडून घेत आहोत. फोनो प्रीॲम्प वेगळ्या फळीवर हलवला आहे आणि गुणगुण आताच इतकी कमी झाली आहे की ऐकण्याच्या जागेवरून ती कळत नाही.

दोन शंका उरल्या. सर्किटवर आरसीसीबी कोणता घ्यावा, आणि पॉवर कंडिशनरऐवजी फक्त सर्ज संरक्षण पुरेल का?

प्रत्यावर्ती :

या सर्किटसाठी एमसीबी आणि आरसीसीबी एकत्र असलेला आरसीबीओ घ्यावा, सी १६, ३० मिलिअँपिअर, ए प्रकारचा. आजच्या उपकरणांतील स्विचिंग पुरवठ्यांमुळे गळतीचा प्रवाह शुद्ध प्रत्यावर्ती राहत नाही आणि एसी प्रकार तो नीट ओळखेलच याची खात्री नसते. संचाच्या प्रत्येक पुरवठ्यातील फिल्टर थोडी गळती अर्थिंगमध्ये सोडतो. सर्वांची मिळून कायमची गळती ९ मिलिअँपिअरच्या आत राहील असे पाहावे, म्हणजे आरसीबीओ विनाकारण पडणार नाही. घरातल्या दुसऱ्या एखाद्या दोषाने संच बंद पडत नाही, हाही वेगळ्या आरसीबीओचा लाभ आहे.

सर्ज संरक्षण जरूर घ्यावे. वितरणपेटीत टाइप २ चे उपकरण बसवावे, आणि आपला संच तिथून १० मीटरहून दूर असल्याने सॉकेटपाशी टाइप ३ चे दुसरे. आतले व्हॅरिस्टर (जास्तीचे व्होल्टेज झेलणारे घटक) प्रत्येक मोठ्या सर्जबरोबर थोडे झिजतात, म्हणून खूण दाखवणारी खिडकी असलेले मॉडेल घ्यावे आणि रंग बदलला की ते बदलावे. कंडिशनर आत्ता घेऊ नये. त्यातल्या फिल्टरचा प्रभाव मुख्यतः उच्च कंप्रतेवर असतो, आणि फ्रीजची ‘टक्’ सोडली, जिचा उपाय ठिणगीपाशीच आहे, तर आपल्या नोंदींत तशी एकही तक्रार नाही. ग्राउंड लूप आणि ट्रान्सफॉर्मरचे क्षेत्र यांवर तो काहीही करू शकत नाही. इन्व्हर्टरवर संच चालवण्याची वेळ येत असेल तर तो शुद्ध साइन लाटेचा आहे ना, एवढे मात्र तपासावे. चौकोनी लाटेवर ट्रान्सफॉर्मर तापतो आणि भुणभुणतो.

गिलाव्याआधी इलेक्ट्रिशियनकडून दोन चाचण्या समोर करून घ्याव्यात. एक, सॉकेटच्या अर्थिंगच्या टोकापासून मुख्य पट्टीपर्यंतच्या वायरीचा रोध. २० मीटरच्या ४ च्या वायरीसाठी तो ०.०९ ओहमच्या आसपास यायला हवा. बराच जास्त आला तर जोड उघडून पाहावा. दोन, ५०० व्होल्ट डीसीवर इन्सुलेशनची चाचणी, जिच्यात निदान १ मेगाओहम यायला हवा. नव्या कोरड्या वायरीत तो प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट येतो. या दुसऱ्या चाचणीच्या वेळी सर्ज संरक्षक सर्किटमधून वेगळे केलेले असावेत आणि संचाचा एकही प्लग सॉकेटमध्ये नसावा. आकडे लिहून वितरणपेटीच्या दारामागे चिकटवावेत आणि भिंत बुजण्याआधी पाइपांच्या मार्गाची, मोजपट्टी शेजारी धरून, छायाचित्रे काढून ठेवावीत.